खिळे

ॲबर्डीनमध्ये नोव्हेंबरात दुपारी साडेतीनलाच दिवे लागतात.
ग्रॅनाइटच्या भिंती पुसलेल्या पाटीसारख्या ओल्या,
आणि कौलांवर भांडकुदळ सीगल,
उपासनेतसुद्धा तोंड न मिटणारे.

हिब्रूच्या वर्गात आम्ही पाच.
ड्युगल, समुद्रातल्या तेलविहिरीवर अठरा वर्षं काढून आलेला.
घानाचे पाळक क्वाबेना, डुलकीही ताठ बसून घेणारे.
दोन मुली, जुळ्या वाटतात, नाहीत.
आणि मी. वय सेहेचाळीस, मूळ गाव नगर,
आल्यापासून चष्म्याचा नंबर दोनदा वाढला.

डॉक्टर फार्कर फळ्याच्या उजव्या टोकाला जातात
आणि डावीकडे लिहीत येतात.
ड्युगल म्हणतो, हे म्हणजे शिडी पाठमोरं चढणं.
मी काही बोलत नाही.
मला ही चाल घरातली आहे.

माझे वडील मिशनच्या छापखान्यात खिळे जुळवायचे.
चौकटीत आवळलेलं शिशाचं पान
ते उजवीकडून डावीकडे वाचत, घडाघडा,
आरशातून बघितल्यासारखं.
शास्त्राची किती पानं त्यांच्या बोटांखालून गेली
याची नोंद पगारपत्रकात नव्हती.
व्यासपीठावर त्यांना कुणी कधी बोलावलं नाही.

लहानपणी उत्तम शुक्रवारी
पाळकसाहेब खिळ्यांविषयी सांगू लागले की
मला वाटायचं, त्याला अक्षरांनीच ठोकलं.
क, मग ख, मग एक जड जोडाक्षर तळपायात.
मी वडिलांच्या हातांकडे बघायचे.
ते मांडीवर पालथे ठेवलेले असत.

हिब्रूत नुसती व्यंजनं. स्वर म्हणजे खाली-वर टिंबं,
तीही नंतर कुणीतरी दिलेली.
टिंबं गळली तर अर्थ कसा ठरवायचा,
डॉक्टर फार्कर विचारतात.
क्वाबेना म्हणतात, प्रार्थनेने.
ड्युगल म्हणतो, आजूबाजूला बघून.

एकदा वडिलांकडून एक अनुस्वार पडला.
पश्चात्तापावरची पत्रिका होती, हजार प्रती,
आणि ‘मनातली खंत’च्या जागी
सगळीकडे ‘मनातलं’ नाही, ‘मनातली खत’.
व्याकरणानंसुद्धा साथ दिली नाही.
साहेबांनी आठवड्याचा पगार कापला.
घरी आल्यावर आई रडली, ते मात्र
जेवता जेवता थांबून म्हणाले,
तसं अगदीच चुकलं नाही बघ,
कुजली की तिचं तेच होतं.

त्यांनी केलेलं तेवढं एकच प्रवचन.
ऐकायला आम्ही दोघी, आणि मांजर.

ख्रिस्ती शिक्षण या विषयासाठी
दर रविवारी टॉरीच्या चर्चमध्ये शब्बाथशाळा घ्यायची असते.
चार मुलं, हीटर एक, तोही लहरी.
या रविवारी मी बटाटे नेले, निळा रंग नेला.
आपापल्या नावाचं अक्षर कोरा, म्हटलं, कागदावर उठवा.

रूअरीनं जीव लावून आर कोरला.
उमटला तो उलटा.
त्यानं बटाटा भिंतीवर फेकला,
निळा डाग पडला तिथं,
अजून निघालेला नाही.

मी दुसरा बटाटा कापला.
यावर चुकीचं कोर, म्हटलं. अगदी मन लावून चुकीचं.
मग आपोआप बरोबर येईल.
त्यानं माझ्याकडे संशयानं पाहिलं.
तुला कुणी सांगितलं?
माझ्या बाबांनी. ते रोज हेच करायचे.
बटाट्यांनी?
शिशानं.

तो बराच वेळ कोरत राहिला, जीभ बाहेर काढून.
मग मान वर न करता विचारलं,
मग त्यांची बोटं निळी असायची?
काळी, म्हटलं.
नखांतली शाई शेवटपर्यंत गेली नाही.
पेटी बंद करतानासुद्धा दिसत होती.

सोमवारी अहवाल द्यायचा आहे:
‘शिकवताना मला काय आढळले’, तीनशे शब्द.
रात्रीचे अकरा. खिडकीवर वारा धडका देतोय.
आतापर्यंत लिहिलंय ते एवढंच:
बटाटे, सहा.
सुरी बोथट असावी.